येडशीचा वाघ आणि जनुकांचा हिशोब

डिसेंबर 2024मध्ये येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. रामलिंगाचे देऊळ आणि पावसाळ्यातला धबधबा यांमुळे धाराशिव, बार्शी, लातूरकडच्या लोकांना हे रान ओळखीचे आहे. पण त्याचा पसारा जेमतेम 22 चौरस किलोमीटर. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवरचे पानगळीचे खुरटे जंगल, खाली शेती, कडेने सोलापूर-धुळे महामार्ग आणि एके काळच्या बार्शी लाइट रेल्वेचा, आता रुंद झालेला लोहमार्ग. बिबट्याची वार्ता इथे नवी नाही, वाघाची मात्र होती. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर हा नर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा असल्याचे कळले. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर तीनशे किलोमीटरच्या वर भरते. प्रत्यक्षात तो साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालला असावा, असा वनविभागाचा अंदाज आहे. अभयारण्याच्या नावावरून त्याचे नाव रामलिंग पडले.

पुढे गाई-वासरांच्या शिकारी झाल्या, बार्शी तालुक्यातल्या गावांत भीती पसरली, रानात एकट्याने जाणे बंद झाले. जानेवारी 2025मध्ये त्याला जेरबंद करून रेडिओ कॉलर लावावी आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडावे, असा निर्णय झाला. ताडोब्याच्या पथकासह अनेक जण कामाला लागले, तरी तो दीर्घकाळ हाती लागला नाही. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती नुकसानभरपाईची आणि पकडमोहिमेची. ती व्हायलाच हवी होती, कारण ज्याची गाय गेली त्याच्यासाठी बाकीचे प्रश्न नंतरचे असतात. पण या निर्णयात आणखी एक प्रश्न दडलेला होता. विदर्भातला वाघ सह्याद्रीत नेणे म्हणजे एका प्रदेशाची जनुके दुसऱ्या प्रदेशात नेणे. ते करावे का, केव्हा करावे, कुठला प्राणी निवडून करावे, यावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे जगभर वाद चालू आहे, आणि महाराष्ट्रात तो आता प्रत्यक्ष जंगलात उतरला आहे.

मोजणीकडून जनुकांकडे

1973मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा सगळे लक्ष संख्येवर होते. वाघ किती उरले आणि ते वाढवायचे कसे, एवढेच. पावलांच्या ठशांवरून मोजणी होत असे. 2004-05मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि त्या मोजणीवरचा विश्वास उडाला. 2006पासून कॅमेऱ्यांच्या आधारे अंदाज येऊ लागले. त्या वर्षी देशात 1,411 वाघ आणि महाराष्ट्रात 103. 2022मध्ये हेच आकडे 3,682 आणि 444. ही वाढ खरी आहे आणि तिचे श्रेय वनरक्षकांपासून गावकऱ्यांपर्यंत पुष्कळांना जाते.

संख्येच्या पोटात मात्र एक वेगळी संख्या असते. जंगलात पन्नास वाघ असले तरी त्यातले सगळे प्रजननात उतरत नाहीत. एखादा दांडगा नर चार-पाच माद्यांचे क्षेत्र राखून बसतो आणि बरेच नर पिल्लांविनाच मरतात. पुढच्या पिढीला जनुके देणाऱ्यांची ही जी खरी संख्या, तिला शास्त्रज्ञ प्रभावी संख्या म्हणतात आणि ती दिसणाऱ्या संख्येपेक्षा बरीच कमी असते. 1980मध्ये इयन फ्रँकलिन आणि मायकेल सूले यांनी एक ठोकताळा मांडला : थोड्या काळासाठी तग धरायचा तर प्रभावी संख्या किमान 50 हवी, आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची दीर्घकालीन क्षमता टिकवायची तर 500. पुढे कित्येकांनी हे आकडे अपुरे ठरवले. तरी देशातल्या बहुतेक अभयारण्यांकडे या मापाने पाहिले, तर एकएकटी ती 50च्याही खाली भरतात.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही. गावात वर्षानुवर्षे एकच वळू राहिला की वासरे खुजी निघू लागतात, गाई गाभ धरेनाशा होतात. मग लांबच्या गावचा वळू आणला जातो. पण तोच शेतकरी देवणीच्या कळपात भलताच वळू सोडणार नाही. पिढ्यानपिढ्या इथल्या चाऱ्याला, उन्हाला आणि कामाला सरावलेली जात त्याला मोडायची नसते. लोकसंख्या-जनुकशास्त्रातला सगळा वाद या दोन काळज्यांमधला आहे. जवळच्या नात्यातल्या प्रजननाने होणारी हानी एकीकडे, फार दूरच्या संकराने होऊ शकणारी हानी दुसरीकडे.

विष्ठेतून वाचलेले

हे शास्त्र जंगलात पोहोचले ते विष्ठेमुळे. वाघ पकडून रक्त काढणे जोखमीचे, खर्चाचे आणि परवानग्यांचे काम. विष्ठा मात्र वाटेवर मिळते. तिच्या आतल्या भागात खाल्लेल्या सांबराचा, डुकराचा अंश असतो, म्हणून नमुना बाहेरच्या थरातून घेतात. आतड्यातून बाहेर पडताना वाघाच्या पेशी त्या थराला चिकटलेल्या असतात. स्वॅबने थर पुसायचा, द्रावणाच्या नळीत बुडवायचा, जागेची नोंद करायची. प्रयोगशाळेत आधी ती वाघाची की बिबट्याची हे ठरते, मग नर की मादी, मग नेमका कोणता प्राणी आणि तो कोणाच्या नात्यातला. उन्हात तापलेल्या किंवा पावसात भिजलेल्या विष्ठेतला डीएनए तुकडे-तुकडे झालेला असतो. अलीकडे अगदी छोट्या तुकड्यांवरूनही ओळख पटवण्याच्या पद्धती आल्या आणि एरवी वाया जाणारे नमुने कामाला येऊ लागले. भारतात या कामाचे एक मोठे केंद्र म्हणजे बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला उमा रामकृष्णन यांचा गट. हैदराबादचे कोशिकीय व आण्विक जीवविज्ञान केंद्र आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचेही काम मोठे आहे.

यातून काय हाती आले? 2009च्या एका अभ्यासाने दाखवले की जगातल्या वाघांमध्ये शिल्लक असलेल्या जनुकीय वैविध्याचा निम्म्याहून अधिक वाटा भारतीय उपखंडात आहे. त्याच शास्त्रज्ञांपैकी काहींनी 2013मध्ये ब्रिटनमधल्या संग्रहालयांत जपलेली, शिकारीच्या काळातली कातडी आणि हाडे तपासली. आईकडून येणाऱ्या डीएनएचे जे प्रकार त्या काळी होते, त्यातले 93 टक्के आजच्या नमुन्यांत सापडले नाहीत. वाघांच्या वस्त्या एकमेकींपासून पूर्वीपेक्षा जास्त तुटल्या आहेत हेही दिसले. 2017च्या जनुकसंचाच्या अभ्यासात भारतातल्या वाघांचे ठळक तीन गट पडले : वायव्येला रणथंबोर, दक्षिण भारत, आणि मध्य भारतासह तराई व ईशान्येपर्यंत पसरलेला मोठा गट. यातला रणथंबोरचा गट सर्वांत एकाकी, सर्वांत कमी वैविध्याचा.

2021मध्ये अनुभव खान आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : हे अंतःप्रजनन वाघांना खरोखर बाधते का? उत्तर सरळ नव्हते. मोठ्या, जोडलेल्या वस्त्यांमध्ये घातक जनुके जास्त असतात, पण ती झाकलेली राहतात, कारण आई आणि वडील दोघांकडून तेच वाईट जनुक येण्याचा संभव कमी. लहान, एकाकी वस्तीत अतिघातक जनुकांपैकी काही गाळली जातात, कारण ती बाळगणारी पिल्ले जगतच नाहीत. मात्र जी घातक जनुके गाळली जात नाहीत ती बहुतेकांच्या अंगात मुरतात. पुढचे सगळे मतभेद याच निष्कर्षाच्या दोन टोकांना धरून चालले आहेत.

नवे रक्त आणावे म्हणणारे

या बाजूचे सर्वांत गाजलेले उदाहरण फ्लोरिडातले. तिथले प्यूमा, ज्यांना स्थानिक लोक पँथर म्हणतात, विसाव्या शतकाच्या अखेरीस वीस-तीसवर आले होते. शेपट्यांना गाठी, हृदयात दोष, नरांचे वृषण न उतरलेले. 1995मध्ये टेक्सासातून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांच्या पिल्लांत हे दोष कमी झाले, संख्या चढत गेली आणि पुढच्या दशकांत शंभराच्या पुढे गेली. रिचर्ड फ्रँकहॅम यांनी 2015मध्ये अशा 156 उदाहरणांचा ताळा घेतला. जिथे दूरच्या संकराचा धोका कमी होता, तिथे 92.9 टक्के वेळा बाहेरचे रक्त फायद्याचेच ठरले होते. त्यांच्या मते चूक होते ती वाट पाहण्यात. वस्ती खंगून जाईपर्यंत अधिकारी थांबतात.

भारतात या मताला बळ देणारे ठिकाण ओडिशातले सिमिलीपाल. तिथे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले, काळपट वाघ दिसतात. पर्यटकांना अप्रूप, पण जनुकशास्त्रज्ञांना इशारा. 2021मध्ये विनय सागर आणि सहकाऱ्यांनी त्याला कारणीभूत असलेला एका जनुकातला बदल शोधला. इतरत्र जवळजवळ न आढळणारे हे रूप सिमिलीपालच्या तीनातल्या एकाहून अधिक वाघांत होते. थोड्याच पूर्वजांपासून वाढलेली, बाहेरच्यांशी तुटलेली वस्ती असली की असे होते. 2024च्या अखेरीस तिथे नवे रक्त आणण्याच्या उघड हेतूने ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी नेण्यात आल्या. झीनत महिनाभरात झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली आणि बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. महाराष्ट्र आता वाघ घेणारे नव्हे, देणारे राज्य झाले आहे, याची ही ठळक खूण.

पन्ना आणि सरिस्का यांची तुलनाही याच बाजूने केली जाते. दोन्हीकडचे वाघ संपले होते. सरिस्कात 2008पासून फक्त रणथंबोरचे वाघ आणले गेले, म्हणजे आधीच कमी वैविध्य असलेल्या गटातले. त्यातले सुरुवातीचे प्राणी जवळचे नातलग असल्याचे नंतरच्या तपासणीत दिसले आणि वाढ बराच काळ संथ राहिली. पन्नात 2009पासून बांधवगड, कान्हा आणि पेंच अशा वेगवेगळ्या ठिकाणचे प्राणी आणले आणि 2022पर्यंत ही वस्ती पन्नासच्या पुढे गेली. तुलना मोहक आहे, पण पूर्ण निर्णायक नाही. पन्नातले व्यवस्थापन, भक्ष्य आणि माणसांचा दबावही वेगळा होता. जनुकांचा वाटा किती आणि बाकीचा किती, हे दोनच उदाहरणांवरून वेगळे काढता येत नाही.

थांबा म्हणणारे

दुसऱ्या बाजूकडे आयल रॉयल आहे. अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवरातल्या या बेटावर विसाव्या शतकाच्या मध्यात गोठलेल्या बर्फावरून लांडगे आले. 1997मध्ये मुख्य भूमीवरून एक तगडा नर तसाच चालत आला. त्याची पिल्ले इतकी यशस्वी झाली की काही वर्षांत निम्म्याहून अधिक जनुके त्याचीच झाली, आणि मग त्याच्याच वंशजांचे आपापसांत प्रजनन होऊ लागले. 2016पर्यंत दोन लांडगे उरले. 2018-19मध्ये बाहेरून नव्याने प्राणी आणावे लागले. एकदा आलेले नवे रक्त पुरत नाही आणि आलेल्या प्राण्यासोबत त्याची झाकलेली घातक जनुकेही येतात, असे यातून काही शास्त्रज्ञांनी मांडले. क्रिस्टोफर किरियाझिस आणि सहकाऱ्यांचे 2021चे म्हणणे असे की लहान वस्तीत सोडायचे प्राणी सर्वांत मोठ्या, वैविध्यपूर्ण वस्तीतून आणण्यापेक्षा मध्यम आकाराच्या वस्तीतून आणावेत. त्याच वर्षी टेशेरा आणि ह्यूबर यांनी, सरसकट जनुकीय वैविध्य मोजून संवर्धनाचे निर्णय घेण्यावरच आक्षेप घेतला. लगेच मार्टी कार्डोस आणि इतरांनी त्यांना उत्तर दिले : लहान वस्त्यांना वाचवायचे तर एकूण वैविध्य राखणे अजूनही सर्वांत भरवशाचे. हा वाद मिटलेला नाही. मात्र दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट नजरेआड होऊ नये. वस्ती लहान ठेवून ती निरोगी राहील, असे कुणीच म्हणत नाही.

जंगलात काम करणाऱ्यांची हरकत आणखी साधी आहे, आणि मला ती सर्वांत वजनदार वाटते. 2018मध्ये ओडिशातल्या सातकोसियात कान्ह्याचा महावीर आणि बांधवगडची सुंदरी नेण्यात आले. महावीर काही महिन्यांतच फासात अडकून मेला. सुंदरीच्या बाबतीत माणसांशी संघर्ष झाला, तिला पिंजऱ्यात ठेवावे लागले आणि शेवटी मध्य प्रदेशात परत न्यावे लागले. जनुकांची निवड कितीही अचूक असली तरी तिथे उपयोग नव्हता. आपल्याकडे नवेगाव-नागझिऱ्यात मे 2023मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी सोडल्या. एप्रिल 2024मध्ये सोडलेली तिसरी काही दिवसांतच क्षेत्रासाठीच्या झुंजीत मरण पावली. भक्ष्य, जागा, गावकऱ्यांची संमती आणि फास लावण्यावर आळा, हे आधी हवे.

हाच धडा समुद्राकाठीही गिरवला गेला आहे. आपल्या कोकणात कालवे खातात, तसेच युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर त्यांची दाट बेटे होती. उपसा आणि रोगांनी ती गेली. बेटे पुन्हा उभी करताना हॅचरीत पिल्ले वाढवून समुद्रात सोडतात. एक मादी लाखो अंडी घालते, म्हणून मोजक्या जोड्यांपासून अमाप पिल्ले मिळतात, आणि तीच गडबड ठरते. आकडा लाखोंचा दिसतो, प्रभावी संख्या मूठभर राहते. पालक कालवे किती आणि कुठली घ्यायची, याबद्दलचे तिथले नियम अशा अनुभवांतून घडत गेले. शिवाय बसायला कठीण तळ आणि स्वच्छ पाणी नसेल, तर उत्तम वंशाची पिल्लेही वाहून जातात.

वाटा मोकळ्या ठेवा म्हणणारे

तिसरा पक्ष उचलून नेण्यालाच पर्याय मांडतो. एल. स्कॉट मिल्स आणि फ्रेड ऑलेनडॉर्फ यांनी 1996मध्ये सुचवलेल्या मापाने, दर पिढीला किमान एक आणि दहापर्यंत बाहेरचे प्राणी वस्तीत मिसळले तर बहुतेक वैविध्य टिकते. हे वाघ स्वतःच करत असतील, तर पिंजरे, हेलिकॉप्टर आणि बेशुद्ध करण्याची जोखीम टळते. मध्य भारतातल्या जनुकीय अभ्यासांनी दाखवले की कान्हा-पेंच, सातपुडा-मेळघाट अशा जंगलपट्ट्यांतून वाघांची जनुके आजही शेकडो किलोमीटर फिरतात. प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांच्या 2018च्या अभ्यासात या फिरण्याला सर्वांत जास्त अडवणाऱ्या गोष्टी निघाल्या दाट वस्त्या आणि रहदारीचे रस्ते. पुढची शंभर वर्षे संगणकावर चालवून पाहिली तेव्हा लहान अभयारण्यांचे महत्त्व अनपेक्षितपणे मोठे निघाले. मोठ्या वस्त्यांमधल्या मुक्कामाच्या जागा म्हणून ती लागतात.

इथे येडशीकडे पुन्हा पाहावे लागते. टिपेश्वर हे सुमारे 148 चौरस किलोमीटरचे जंगल भरून वाहते आहे. तिथले तरुण नर बाहेर पडतात. टी1सी1 उर्फ वॉकर जून 2019मध्ये निघाला आणि डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलरच्या नोंदींनुसार तो एकूण सुमारे 3,000 किलोमीटर चालला. 2021मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात दिसला. त्यानंतर रामलिंग येडशीत. हे योगायोग मानण्यासारखे नाही. ज्याला आपण वाघांचा मुलूख समजत नाही, त्या मराठवाड्यातून ते रात्री तूर-कपाशीच्या आडोशाने, नाल्यांच्या कडेने पार होत आहेत.

पण फिरणे म्हणजे जनुकांची देवाणघेवाण नव्हे. वाघांत नर दूर जातात, माद्या बहुधा आईच्या क्षेत्राजवळच राहतात. ज्ञानगंगेत वॉकरला जोडीदारीण नव्हती, येडशीत रामलिंगला नव्हती. हिशोबात हे दोघेही शून्य धरावे लागतात. ज्ञानगंगेत मादी सोडावी का, यावर चर्चा झाली होती. दोनशे चौरस किलोमीटरच्या जंगलात, भोवती गावे असताना, वस्ती वसवण्याची जोखीम किती घ्यायची, हा त्यातला अडसर होता. येडशीच्या बाबतीत तो दसपट मोठा आहे. 22 चौरस किलोमीटरमध्ये एका वाघिणीचेही नीट भागत नाही. तिथे वाघांची वस्ती व्हावी असे कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. येडशीचे मोल वाटेवरचा मुक्काम म्हणून आहे, आणि त्या भूमिकेतही भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर तो मुक्काम गावकरी फार काळ सोसणार नाहीत. ते सोसणे त्यांच्याकडून गृहीत धरणेही योग्य नाही.

सह्याद्रीत कुणाचा वाघ

वादाची खरी परीक्षा कोयना आणि चांदोलीत चालू आहे. ही जंगले मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2010मध्ये घोषित झाला, क्षेत्र सुमारे 1,165 चौरस किलोमीटर. जंगल मोठे, पण वाघ अधूनमधूनच. गेल्या काही वर्षांत तीन नर स्थिरावले : सेनापती, सुभेदार आणि बाजी. मादी नव्हती. म्हणूनच रामलिंगला तिथे नेण्याचा निर्णय संघर्ष मिटवण्याच्या दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी सह्याद्रीच्या गरजेशी जुळणारा नव्हता. तिथे चौथा नर नको होता. पुढे केंद्राने ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणण्यास परवानगी दिली, त्यात माद्या जास्त. नोव्हेंबर 2025मध्ये ताडोब्याची पहिली वाघीण चांदोलीत आली, तिचे नाव तारा. पाठोपाठ दुसरीही आणण्यात आली.

यावर दोन मते आहेत. एका मताप्रमाणे सह्याद्रीचे वाघ पश्चिम घाटाचे आहेत. दक्षिणेला राधानगरी, आंबोली, तिलारी, गोव्यातली म्हादई आणि कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प असा सलग पट्टा आहे. चांदोलीतल्या नरांपैकी एक आधी राधानगरीत दिसलेला. सह्याद्रीत 2018मध्ये टिपलेला एक वाघ दोन वर्षांनी दोनशेहून अधिक किलोमीटरवर काळीत सापडला. म्हणजे वाट जिवंत आहे. तिच्यातल्या खाणी, रबराच्या बागा आणि रस्ते आवरले, तर मादीही आज ना उद्या पोहोचेल आणि दक्षिणेच्या गटाचे वेगळेपण टिकेल. पण हा पट्टा कसा आहे? जानेवारी 2020मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिची पिल्ले असे चार वाघ विष घालून मारले गेले. जुलै 2023मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र प्रकल्प करण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मादी दक्षिणेकडून येईल म्हणून थांबायचे, तर हे सगळे धरून थांबावे लागते.

दुसऱ्या मताप्रमाणे पंधरा वर्षे थांबून झाले. माद्या दूर जात नाहीत, हे वाघांच्या स्वभावातच आहे, म्हणून त्या आणाव्या लागतील. विदर्भात वाघ आहेत, तिथे संघर्षही वाढला आहे. संकराच्या धोक्याबद्दल ते फ्रँकहॅम आणि सहकाऱ्यांच्या 2011च्या कसोट्या पुढे करतात. प्रजाती एक आहे का, गुणसूत्रांत कायमचा फरक आहे का, गेल्या 500 वर्षांत देवाणघेवाण होती का, आणि दोन्हीकडचे पर्यावरण सारखे आहे का. पहिल्या दोन कसोट्या सहज पार होतात. तिसरीही होते असे मला वाटते. संग्रहालयातल्या नमुन्यांवरून तुटलेपण पूर्वी आजच्याइतके नव्हते असे दिसतेच, शिवाय पाचशे वर्षांपूर्वी विदर्भ आणि सह्याद्री यांच्यामध्ये बालाघाटासारख्या डोंगररांगांवर जंगल आणि वाघ दोन्ही होते, असे मानायला पुरेशी जागा आहे. आज येडशी हे त्या मधल्या मुलखाचे उरलेले कांडके आहे. चौथी कसोटी मात्र अडते. ताडोब्यात वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस, बांबू-सागाचे मोकळे रान आणि चितळांचे कळप. घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने धुके, दाट सदाहरित झाडी, उघडे सडे, आणि भक्ष्य म्हणजे गवा, सांबर, भेकर. वाघासारख्या लवचिक प्राण्याला हा फरक जनुकांपर्यंत जाचेल का, की दोन-तीन ऋतूंत तो सरावेल? माझा कल सरावेल या बाजूला आहे, कारण हाच प्राणी सुंदरबनच्या खाऱ्या चिखलापासून हिमालयाच्या उतारांपर्यंत राहतो. पण सुंदरबनच्या वाघाने तिथे जुळवून घ्यायला किती पिढ्या घेतल्या, हे लक्षात घेता पहिल्या मताचाही मान राखायला हवा.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न ताडोब्याचा. सिमिलीपालला ताडोबा, सह्याद्रीला ताडोबा. एकाच ठिकाणचे प्राणी सगळीकडे दिले तर आज वैविध्य वाढेल, पण काही पिढ्यांनी या वस्त्या एकमेकींच्या चुलत वस्त्या होतील. शिवाय आठ प्राण्यांमध्ये बहिणी, आई-मुली निघाल्या, तर सरिस्काची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागणार नाही. निवडीआधी प्रत्येकाची नाती तपासणे खर्चाचे असले तरी एका पकडमोहिमेच्या खर्चापुढे ते किरकोळ आहे.

दुसरा, हाती असलेल्या माहितीचा. सह्याद्रीत पावसाळ्यात विष्ठा एका सरीत धुऊन जाते, म्हणजे नमुन्यांसाठी हिवाळा आणि उन्हाळाच. आणि माद्या येण्याआधीच्या तिन्ही नरांची जनुकीय नोंद पक्की नसेल, तर पुढे काय बदलले हे सांगता येणार नाही.

तिसरा प्रश्न अधिकाराचा आहे आणि जनुकशास्त्र तो सोडवू शकत नाही. वाघ हलवायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972प्रमाणे केंद्राची आणि राज्याची परवानगी लागते. बार्शी किंवा धाराशिव तालुक्यातल्या ग्रामसभेला मात्र यात ठरलेली जागा नाही. भ्रमणमार्ग म्हणून ज्या शेतांवर नकाशात रेघ पडते, ती शेते त्यांची आहेत.

आणि शेवटचा, मराठवाड्याचा. पैनगंगा, टिपेश्वर, ज्ञानगंगा, गौताळा, येडशी ही जंगले वेगवेगळ्या वनविभागांत आहेत आणि प्रत्येकाचा कॅमेरा आपापल्या हद्दीत संपतो. टिपेश्वरहून निघालेले किती नर वाटेत मेले, किती परतले, आणि कुणाची पिल्ले दुसऱ्या जंगलात जन्मली, हे कळायला या सगळ्यांची विष्ठा एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासली जावी लागेल. तारा किंवा तिच्यामागून आलेल्या वाघिणीला चांदोलीत बछडे झाले, तर त्यांचा बाप तिन्ही नरांपैकी कोण, की काळीकडून नव्याने आलेला कुणी, हे त्याच तपासणीत दिसेल. आणि तो काळीकडचा निघाला तर वर मांडलेल्या दोन्ही मतांना आपापली मांडणी नव्याने करावी लागेल.